'सर्वोत्तम' लिहिलंत कुणाच्या जोरावर?

वह्या मिटा आणि इकडे बघा. नॅपसॅकच्या गणिताला, म्हणजे पिशवी भरण्याच्या गणिताला, अख्ख्या वर्गाचं उत्तर एकच: ६६. खाली ठणकावून लिहिलंय, 'सर्वोत्तम'. पडताळलं कुणी?

पिशवी १० किलोची. एक वस्तू ६ किलोची, किंमत ६६. दुसऱ्या दोन ५-५ किलोच्या, किंमत ५०-५०. किलोमागे भाव पहिलीचा जास्त, म्हणून तिच्यावर झडप घातलीत. उरलेल्या ४ किलोंत काही मावेना, तर हात झटकून मोकळे! पाच-पाचच्या दोन्ही घेतल्या असत्या तर १०० झाले असते.

ग्रीडी पद्धत, म्हणजे जास्त भावाची वस्तू आधी उचलायची, वापरलीत याचा राग नाही. वस्तू शेकड्यांनी असल्या की एकेक जोडणी तपासायला जन्म पुरत नाही. रिचर्ड कार्पच्या १९७२ च्या २१ अवघड प्रश्नांत नॅपसॅकही आहे. राग आहे तो पहिल्या उत्तराला चिकटून बसल्याचा. ६६ ची वस्तू काढून ५० ची घातली असती, तर पुढच्याच पावलाला १०० हाती लागले असते. थोडा तोटा पत्करून पुढे शोधायचं, ही सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंगची शिकवण १९८३ पासून पुस्तकांत आहे. वाचायची कुणी?

खाणीच्या गणितात, म्हणजे कुठले ठोकळे खणायचे ते ठरवण्यात, तर कहरच केलात. तांब्याच्या खाणीशेजारची, मलाजखंडची पोरं तुम्ही, सुरुंगांचे आवाज ऐकत वाढलात, आणि तांब्याचे ठोकळे तेवढे उचललेत! वरचा बिनकामाचा दगड कोण काढणार? बरं, एकेक ठोकळा सुटा तोलूनही भागत नाही. शेजारच्या दोन ठोकळ्यांतून दहा-दहा लाख मिळणार आहेत आणि दोघांवरचा सामाईक दगड काढायला पंधरा लाख लागणार आहेत, असं धरा. एकेकटा तोलला तर दोन्ही तोट्यात. एकत्र धरले तर पाच लाख नफा. खड्ड्याची अंतिम हद्द अचूक काढण्याची रीत लर्च्स आणि ग्रॉसमन यांनी १९६५ मध्येच दिली. पण वर्षाला इतकेच टन काढायचे अशी अट आली, की पिशवीचाच प्रश्न आणखी बिकट होऊन समोर उभा राहतो. शंभर किलो खनिजात तांबं जेमतेम किलोभर. एकदा फोडलेला दगड पुन्हा जागेवर बसत नाही. तिथे अशी बेफिकिरी खपेल का?

ह्युरिस्टिक, म्हणजे अचूकतेची हमी नसलेली झटपट रीत, वापरा, पण आपण किती चुकू शकतो तेही सांगा. डँट्झिगची १९५७ ची युक्ती शिकवली होती ना? वस्तू कापता येते असं धरा. ६६ अधिक उरलेल्या ४ किलोंचे ४०, म्हणजे १०६. यापुढे कुणीच जाणार नाही. हे काढलं असतं, तर ६६ लिहिताना ४० ची तफावत डोळ्यांत खुपली असती. १०० आणि १०६ मध्ये फरक फक्त ६ चा.

उद्या दोन्ही गणितं नव्याने सोडवून आणा. उत्तर, वरची मर्यादा आणि दोहोंतला फरक, तिन्ही हवेत. 'सर्वोत्तम' हा शब्द सिद्ध करता आला तरच लिहायचा.