सातवी आज्ञा आणि मोबाईलमधला सिनेमा



गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर एका तरुणाने मला थांबवले. "फादर, टेलिग्रामवरून सिनेमा उतरवून पाहिला, तर ते पापनिवेदनात सांगायचे का?" (हे पायऱ्यांवरचे बोलणे आहे, पापनिवेदनातले नव्हे, शिवाय त्याला विचारूनच लिहीत आहे.) मी हसलो. तो म्हणाला, "हसू नका फादर, सगळेच पाहतात म्हणून विचारतो." माझे हसू तिथेच थांबले. मला आपल्या ऑफिसातला कॉम्प्युटर आठवला.

तो कॉम्प्युटर सहा वर्षे विंडोजच्या चोरट्या प्रतीवर चालला. दुरुस्तीवाल्याने ती टाकून दिली, बिलात तिचा उल्लेख नव्हता, आणि मीही विचारले नाही. तुमच्या मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले त्याच यंत्रावर छापले गेले. दाखले खरेच आहेत, काळजी नसावी. पण ज्याच्यावर ते छापले ते आपण विकत घेतलेले नव्हते.

माणूस म्हणतो, शेजाऱ्याची सायकल नेली तर त्याची सायकल जाते. गाण्याची प्रत काढली तर गाणे त्याच्याकडे राहतेच. मग चोरी कुठे झाली? प्रश्न अगदीच खोटा नाही. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २४०८) चोरीचा अर्थ दिला आहे : मालकाच्या वाजवी इच्छेविरुद्ध त्याचे जे आहे ते बळकावणे. आता सिनेमा करणाऱ्याचे काय असते? लेखकाचे महिने, कॅमेरावाल्याच्या रात्री, दिवे उचलणाऱ्या पोराचे खांदे. आपल्या वाडीत दिवसभर राबलेल्या मजुराला संध्याकाळी "तुझे हात तर तुझ्याजवळच आहेत" असे सांगून रिकामा परत पाठवता येईल का? मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असे संत याकोब आपल्या पत्रात बजावतात (याकोब ५:४).

यावर लगेच उत्तर येते, "पैसा मजुराला नाही, कंपनीला जातो." यातही तथ्य आहे. वर्षानुवर्षे आपल्या देशात गीतकार-संगीतकार एकरकमी पैसे घेऊन गाण्याचे सगळे हक्क लिहून देत, आणि पुढे ते गाणे कितीही वाजले तरी त्यांना काही मिळत नसे. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. आता चित्रपटगृहाबाहेर ते गाणे वापरले गेले तर मानधनातला बरोबरीचा वाटा त्यांचाच, तो कंपनीला लिहून देता येत नाही. पण बघा, आपण फुकट उतरवून घेतो तेव्हा कंपनीबरोबर हा वाटाही बुडतो. धनवंताला धडा शिकवताना आपण गरिबाचेच ताट ओढतो.

मात्र प्रत्येक प्रत म्हणजे चोरी, असे मी म्हणणार नाही. ख्रिस्तसभा तसे शिकवत नाही. पृथ्वीवरील वस्तू देवाने सर्वांसाठी दिल्या आहेत, आणि मालकी हक्काला ही मर्यादा आहे. आपला कायदाही हे थोडेफार जाणतो. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा बड्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला, कारण तिथे महागड्या पुस्तकांतली अभ्यासाला नेमलेली प्रकरणे विद्यार्थ्यांना छापून मिळत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो फेटाळला. कॉपीराइट हा दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नव्हे, असे न्यायमूर्तींनी म्हटले. 'दैवी' हा शब्द वाचून मी जरा दचकलो, पण पटले. गरीब मुलाने शिकण्यासाठी केलेली प्रत आणि तिकिटाचे पैसे खिशात असताना शुक्रवारचा सिनेमा शनिवारी फुकट मिळवणे, यांना मी एकाच तराजूत घालणार नाही.

आता आपल्या घरातले. पवित्र मिस्सात गीत गाण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. धार्मिक विधीला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. परंतु एकच गीतपुस्तक विकत आणून त्याच्या साठ झेरॉक्स काढायच्या, ही गोष्ट त्या सुटीत बसत नाही. आपल्या गायकवृंदाने हे केले आहे, आणि माझ्या संमतीने केले आहे. ती गीते लिहिणारे बहुतेक आपल्यातलेच. पुढच्या आवृत्तीचा खर्च विकलेल्या प्रतींतूनच निघतो.

जक्कय झाडावरून उतरला तेव्हा त्याने नुसती क्षमा मागितली नाही, फसवून घेतलेले चौपट परत करण्याचा शब्द दिला (लूक १९:८). भरपाईशिवाय सातव्या आज्ञेचा पश्चात्ताप अर्धाच राहतो. म्हणून त्या तरुणाला मी सांगितले : हो, सांगायचे. आणि जो सिनेमा आवडला त्याचे तिकीट अजून मिळत असेल तर काढायचे, नाहीतर पैसे देऊन जिथे दिसतो तिथे घरच्यांना दाखवायचा.

"आणि तुम्ही, फादर?" त्याने विचारले.

ऑफिससाठी विंडोजची रीतसर प्रत बुधवारी घेतली. तिचे पैसे मी माझ्या खिशातून दिले आहेत, चर्चच्या हिशेबात ते दिसणार नाहीत. साठ गीतपुस्तकांची मागणी पाठवली आहे. त्यांचा खर्च पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत ठेवणार आहे, आणि तिथे थोडी कुरकुर होईल असा माझा अंदाज आहे. जुन्या झेरॉक्स ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या सॅक्रिस्टीत आणून द्याव्यात.