साधन आणि सावधानता

दि. १८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात 'टायटॅनिक'चे अवशेष पाहावयास निघालेले 'टायटन' हे पाणयान फुटले आणि आतील पाचही जण मृत्युमुखी पडले. ते यान व्हिडिओ गेमच्या साध्या कंट्रोलरने चालविले जात असे, हे कळताच जगभर त्या खेळण्याचा उपहास झाला. परंतु दोष खरोखर त्या वस्तूचा होता काय?

तसे म्हणता येणार नाही. २०१८ साली सेवेत आलेल्या 'यूएसएस कोलोरॅडो' या अमेरिकी पाणबुडीवरही पेरिस्कोपचे काम करणारा कॅमेरा फिरविण्यासाठी तसाच कंट्रोलर वापरला गेला. 'टायटन'चे फुटले ते कार्बन-तंतूंचे कवच. त्या यानाची स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी करून प्रमाणपत्र घेतलेच गेले नव्हते. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२५ च्या अहवालानुसार ही दुर्घटना टाळता येण्याजोगी होती.

समुद्रजलातून रेडिओलहरी फार दूर जात नाहीत. म्हणून तेथे ध्वनीच्या साहाय्याने त्रोटक संदेश धाडावे लागतात. ३,८०० मीटर खोलीवरून ध्वनीला वर येण्यास सुमारे अडीच सेकंद लागतात. मात्र २०१८ साली एका अधिकाऱ्याने जमिनीवर, स्पष्ट शब्दांत दिलेला धोक्याचा इशारा पाच वर्षांतही पोहोचला नाही. उलट त्यालाच कामावरून दूर करण्यात आले.

कंपनीचा प्रमुख स्वतः यानात होता, हे खरे. पण आपला जीव पणाला लावल्याने दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार मिळतो काय? त्या पाचांत अवघ्या १९ वर्षांचा एक युवकही होता.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु विहिरीत सोडलेली पाणबुडी मोटार आपल्या परिचयाची आहे. आज शेतकरी ती घरबसल्या मोबाईलवरून चालू करतो. त्याचे रात्रीचे हेलपाटे वाचतात. यात वावगे काहीच नाही. तरीही विहिरीत उतरण्यापूर्वी जाणता मनुष्य फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवतो. घरच्यांवर त्याचा अविश्वास असतो असे नव्हे. दूर बसून बटण दाबणाऱ्याला खालचे दिसत नाही, हे तो ओळखून असतो.

साधन स्वस्त की महाग, हा प्रश्न म्हणूनच गौण होय. ज्याच्या शब्दावर दुसरा खोल उतरतो, त्याने 'थांबा' म्हणणाऱ्याचे ऐकले पाहिजे. उद्या आपल्याच विहिरीचा गाळ काढावयास आलेला मजूर 'दोर कुजला आहे' म्हणाला, तर आपण त्याला भित्रा ठरवू, की दोर बदलू?