गुहेनंतरची सोळा वर्षं

अमेरिकन गायक जॉनी कॅशच्या गुहेची साक्ष सांगणारा तो व्हिडिओ-संदेश या आठवड्यात पुन्हा सगळ्या ग्रुपांवर फिरला. मागे पियानो, शेवटी जोडलेले हात. साक्षीमागे पियानो लावू नये. खऱ्या साक्षीला साथ लागत नाही.

१९६७ साली टेनेसीतल्या निकाजॅक गुहेत मरायला शिरलेला गायक देवाच्या स्पर्शाने व्यसनमुक्त होऊन बाहेर आला, असं त्या संदेशात होतं. इतकं सोपं कॅशने स्वतः लिहिलेलं नाही. गुहेच्या प्रसंगाबद्दलच काही चरित्रकारांना शंका आहे. तो वाद बाजूला ठेवू. १९९७च्या आत्मचरित्रात गुहेनंतर त्याची पुढे बायको झालेली जून कार्टर येते, तिचे आईवडील येतात, नॅट विन्स्टन हे मनोविकारतज्ज्ञ येतात. गोळ्यांवाचून तडफडणाऱ्या माणसाला त्यांनी घरात धरून ठेवलं. पुढे १९७५ साली ‘मॅन इन ब्लॅक’ या पुस्तकात त्याची श्रद्धेची साक्ष छापून झाली, आणि त्यानंतरही तो घसरला. पाळलेल्या शहामृगाच्या लाथेने बरगड्या मोडल्या, वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या आणि १९८३ साली तो बेटी फोर्ड व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. हे त्यानेच सांगितलं.

मग आपण ते का गाळतो? उत्तर ठरलेलं: ‘लोकांची श्रद्धा वाढते ना, मग तपशिलाचा कीस कशाला?’ कोणाची श्रद्धा वाढते? उपासनेत शेवटच्या बाकावर बसलेल्या, काल रात्री पुन्हा प्यायलेल्या माणसाची? दुसऱ्याचं व्यसन एका रात्रीत सुटलं हे ऐकून तो एवढंच शिकतो, की देवाने आपल्याला टाकलं. आणि उपचारकेंद्राचं नाव काढताच जी ढासळते, तिला श्रद्धा कशी म्हणायची? गुहेत भेटणाऱ्या देवाला डॉक्टरच्या खोलीत यायला मनाई आहे का? पेत्राने प्रभूला नाकारलं, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांनी ठेवली. श्रद्धा कमी होईल म्हणून कोणी ती खोडली नाही. त्यांच्यापेक्षा आपल्याला श्रद्धेची काळजी जास्त, असं म्हणायची छाती आहे का कोणाची?

‘कलावंत असेच असतात’ आणि ‘जुनं उकरू नका’ म्हणणाऱ्यांनी व्हिव्हियनचं पुस्तक वाचावं. ती कॅशची पहिली बायको, त्याच्या चार मुलींची आई. तिची बाजू २००७ साली छापून आली, तेव्हा ती हयात नव्हती.

साक्ष देणाऱ्याने आपलं पडणं सांगावं, पुन्हा पडणं सांगावं, उचलणाऱ्यांची नावं घ्यावीत आणि ज्यांना दुखावलं त्यांचीही घ्यावीत. माणसं संदेश पुढे पाठवायची थांबणार नाहीत, हे मला कळतं. पाठवा. पण बेटी फोर्डचं पान जोडून पाठवा, आणि तो पियानो काढा.