न ऐकलेले

समोरचा माणूस गप्प झाला आहे, की आपल्यालाच ऐकू येत नाही? वरवर पाहता हा प्रश्न कानांच्या डॉक्टरचा. परंतु गेले वर्षभर तो मला नीतीचा प्रश्न वाटू लागला आहे. आणि त्याचा विचार करू लागलो की हटकून एका यंत्राची आठवण येते. ते यंत्र म्हणजे १५ डिसेंबर १९७० रोजी शुक्रावर उतरलेले सोव्हिएत रशियाचे 'व्हेनेरा ७'.

शुक्राशी आपली ओळख जुनी आहे. त्याचा अस्त असला की आपण लग्नेसुद्धा पुढे ढकलतो. अकोल्याजवळच्या आमच्या गावी घर धाब्याचे होते आणि उन्हाळ्यात आम्ही सारे धाब्यावर निजत असू. तिथेच माझ्या थोरल्या भावाने, दादांनी, मला शुक्राची चांदणी दाखवली होती. इतकी शांत, शीतल दिसणारी चांदणी! तिच्यावर माणसाने पाठवलेली यंत्रे एकामागून एक नाश पावली. 'व्हेनेरा ३' १९६६ साली ग्रहावर पोचले, पण तेथून एक अक्षरही आले नाही. १९६७ साली चौथे यंत्र आणि १९६९ साली पाचवे व सहावे खाली येता येता, जमीन गाठण्यापूर्वीच मुके झाले. म्हणून सातव्याची कुपी अधिक भक्कम, टायटॅनियमची केली होती.

सातव्याचेही सारे सुरळीत झाले नाही. छत्रीने दगा दिला, आणि कुपी ठरल्यापेक्षा कितीतरी जोरात जमिनीवर आदळली. पृथ्वीवर संदेश थांबल्यासारखा वाटला. ऐकणाऱ्यांनी मानले, की संपले. मात्र ध्वनिमुद्रणाच्या फिती चालूच होत्या. काही आठवड्यांनी त्या पुन्हा तपासल्या, तेव्हा खरखरीच्या तळाशी आणखी २३ मिनिटांचा, अत्यंत क्षीण असा संदेश सापडला. कुपी बहुधा कुशीवर कलंडली होती आणि तिचे तोंड पृथ्वीकडे नव्हते. आतला एक भागही बिघडला होता, त्यामुळे तपमानाखेरीज तिला दुसरे काही सांगता येत नव्हते. तेवढे मात्र ती सांगत राहिली : सुमारे ४७५ अंश. मे महिन्यात आमच्या अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. त्याच्या दहापट उष्णतेत, आडवे पडून, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारे ते यंत्र! परग्रहाच्या जमिनीवरून माणसाला आलेला तो पहिला निरोप होता. तो आला तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही.

यावर कोणी म्हणेल, खरखरीत हवे ते ऐकू येतेच. भजन शोधाल तर भजन सापडेल. आक्षेप रास्त आहे. म्हणून त्या शास्त्रज्ञांनी कसोटी लावली. खाली येणाऱ्या यंत्राच्या लहरींची कंपनसंख्या त्याच्या वेगाप्रमाणे बदलत असते. या क्षीण संदेशात ती एका जागी ठरली होती आणि तपमानही ठरले होते. म्हणजे यंत्र पडत नव्हते, जमिनीवर टेकले होते. ऐकायला नुसती दया पुरत नाही, काटेकोरपणाही लागतो, हे मला पुढे एका लहान मुलीने शिकवले.

दोन वर्षांपूर्वी दादांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उरले फक्त एक 'का'. मी महिन्यातून एकदा अमरावतीहून निघून, बडनेऱ्याला गाडी धरून, त्यांना पाहायला अकोल्याला जात असे. मला पाहिले की ते 'का, का' करीत. वहिनी म्हणत, "भाऊजी, ते तुमाले काईतरी सांगून रायले." दादांचा जन्म जिनात मुनिमी करण्यात गेलेला. मी ताडले, कापूस! मग बाजारात कापसाला काय भाव आहे ते मी त्यांना सविस्तर सांगे. ते भिंतीकडे तोंड फिरवीत. शेवटी मी वहिनींना म्हणालो, "दादांना आता समजत नाही."

त्यांच्या नऊ वर्षांच्या नातीला मात्र हे पटले नाही. ती पाटी घेऊन बसली. 'का'च्या पुढे एकेक अक्षर लिहून दाखवू लागली : काक, काख, काग. 'काग'वर दादांनी चांगल्या हाताने खाटेवर थाप मारली. तिने दुसऱ्या दिवशी अक्षरांचा क्रम बदलला, तिसऱ्या दिवशी पुन्हा बदलला. मला म्हणाली, "आबा तीन डाव तिथंच थांबले." कागद! आणि कोणता कागद, ते पेटीकडे पाहून त्यांनी दाखवले.

तो होता आमच्या बहिणीचे हक्कसोडपत्र. दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यातले आमचे सात एकर वावर. वडील गेल्यावर आक्काने त्यावर मुकाट्याने सही केली आणि आम्ही दोघा भावांनी ते वाटून घेतले. दादांना मरण्यापूर्वी ते पुसायचे होते.

आता मी स्वतःला विचारतो, मला 'कापूस' का ऐकू आला? तो शब्द काही फार जवळचा नव्हता. पण 'कागद' ऐकू येणे मला परवडणारे नव्हते. रशियन लोकांना संदेश ऐकू आला नाही तो अंतरामुळे आणि कलंडलेल्या कुपीमुळे. माझ्या बाबतीत दादा हाताच्या अंतरावर होते. मधली खरखर माझ्याच साडेतीन एकरांची होती. आणि तिकडे ऐकू आले नाही तरी फिती कोणी फेकून दिल्या नव्हत्या. मी मात्र 'समजत नाही' असा निकाल देऊन मोकळा झालो होतो. न ऐकणे हा दोष नसेलही. पण न ऐकता निकाल देणे हा मी दोषच मानतो.

दादा या श्रावणात गेले. कागद माझ्या कपाटात आहे. आप्तांपैकी काहीजण म्हणतात, "आक्काने आजवर कधी मागितले का?" खरे आहे, मागितले नाही. मूर्तिजापूरला तिच्या घरी मी दर भाऊबीजेला जातो. ती ओवाळते, ताटात मी पाकीट ठेवतो, आणि जेवताना ती न चुकता विचारते, "यंदा वावर कसं हाय रे?" इतकी वर्षे मी तिला पिकाचे सांगत आलो.

यंदा तिने विचारले की मी आधी गप्प बसणार आहे. कागद पिशवीत असेल. पण तिला नेमके काय विचारायचे आहे, ते तिच्या तोंडून पुरते ऐकल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही, असे ठरवले आहे. नाहीतर तेही माझेच 'कापूस' व्हायचे.