सुवर्णकंदुकाचा निवाडा

ज्या खेळात अकरा माणसांनी पूर्वार्ध-उत्तरार्ध मिळून नव्वद मिनिटे एकमेकांच्या उणिवा झाकीत आणि एकमेकांच्या गुणांना वाट करून देत धावायचे असते, त्या खेळातून वर्षाकाठी एकच माणूस निवडावा आणि त्याच्या हाती सोनेरी चेंडू ठेवून त्याला जगात सर्वश्रेष्ठ म्हणावे, ही कल्पना मुळातच काहीशी विसंगत आहे. शर्यतीत घड्याळ निकाल देते, कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की वाद मिटतो. फुटबॉलात संघांचा निकाल गोलांनी लागला, तरी खेळाडूंमधले तारतम्य ठरविणारे कोणतेही साधन मैदानावर उपलब्ध नसते. म्हणून तो निकाल मतांनी लावावा लागतो, आणि मतदान आले की मतदारांची यादी, मुदत, गुण देण्याची रीत आणि मागाहूनच्या तक्रारी हा सारा सरंजाम पाठोपाठ आलाच. खेळाडूची थोरवी मोजण्याचे माप म्हणून हे पुरस्कार फारसे उपयोगाचे नाहीत, हे मान्य करूनही मला असे वाटते की, त्या त्या काळी जाणत्या माणसांना खेळात काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते याचे दप्तर म्हणून त्यांचे मोल फार मोठे आहे.

या दप्तराचे पहिले पान 1956 सालचे. पॅरिसच्या 'फ्रान्स फुटबॉल' या नियतकालिकाने बॅलन डी'ओर हा पुरस्कार त्या वर्षी सुरू केला. त्यामागे गॅब्रिएल आनो हा पत्रकार होता, आणि युरोपातील विजेत्या क्लबांची स्पर्धा भरवावी ही सूचनाही याच गृहस्थाची. सोळा देशांतील सोळा पत्रकारांनी प्रत्येकी पाच नावे क्रमवार लिहून दिली. बेरीज झाली तेव्हा ब्लॅकपूलच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला 47 आणि रेआल माद्रिदच्या अल्फ्रेडो डी स्टेफानोला 44 गुण पडले होते. मॅथ्यूजचे वय त्या वेळी 41 वर्षांचे होते, तर डी स्टेफानोच्या संघाने युरोपचा तो पहिलावहिला करंडक त्याच वर्षी जिंकलेला होता. निव्वळ त्या वर्षीच्या पराक्रमाचा जमाखर्च मांडला असता, तर पारडे कोणत्या बाजूला झुकले असते हे सांगण्यास पंडिताची गरज नाही. परंतु त्या सोळा जणांपैकी पुरेशा लोकांनी वर्षाचा हिशेब बाजूला ठेवून उजव्या बगलेवर आयुष्यभर जोपासलेल्या एका कलेची बूज राखली. पुरस्कार वर्षाचा की आयुष्याचा, हा आज दरवर्षी नव्याने पेटणारा वाद पहिल्याच मतपत्रिकेत, तीन गुणांच्या अंतरात, दडलेला आढळतो.

मतदाराची नजर कोठवर पोहोचते हे पुष्कळ अंशी नियम ठरवितात, आणि या पुरस्काराच्या नियमांचा इतिहास म्हणजे युरोपाच्या आत्मभानाचा इतिहास आहे. प्रारंभी युरोपीय नागरिकत्वाची अट होती. डी स्टेफानो अर्जेंटिनात जन्मला असूनही स्पेनचे नागरिकत्व पत्करल्यामुळे 1957 आणि 1959 साली मानकरी ठरू शकला; पेलेचे नाव मात्र त्या यादीत शिरणेच अशक्य होते, आणि मॅराडोना नेपल्समध्ये खेळून सारे इटली आपल्याभोवती नाचवीत असतानाही त्याचे पारपत्र आड आले. ही अट 1995 मध्ये सैल झाली, आणि युरोपात खेळणारा कोणीही पात्र ठरताच त्याच वर्षी तो मान लायबेरियाच्या जॉर्ज वेआला मिळाला. हाच वेआ पुढे आपल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. क्लब युरोपातलाच असावा ही उरलेली अट 2007 मध्ये गळाली. पुढे 2016 साली, पुरस्काराला साठ वर्षे झाली त्या निमित्ताने, 'फ्रान्स फुटबॉल'ने आपलीच जुनी दप्तरे पुन्हा तपासली आणि अट नसती तर एकट्या पेलेला हा सन्मान सात वेळा मिळाला असता, असा निर्वाळा दिला. संस्थेने स्वतःच्या जुन्या निवाड्यावर असा शेरा मारावा हे दुर्मिळ आहे आणि प्रशंसनीयही. मात्र शेऱ्याने इतिहास बदलत नाही. मूळ याद्या जशा होत्या तशाच राहिल्या, आणि राहावयासही हव्यात, कारण त्यांतील रिकामी जागा हीच त्या काळाची खरी साक्ष आहे.

भूगोलाने आखलेल्या मर्यादेपेक्षा अधिक चिवट मर्यादा खेळातील जागेची असते. गोल करणारा सर्वांना दिसतो. गोल होऊ न देणारा कर्तव्य बजावतो एवढीच त्याची नोंद. लेव्ह याशिन या सोव्हिएत गोलरक्षकाला 1963 साली बॅलन डी'ओर मिळाला, आणि त्यानंतर तो दुसऱ्या कोणत्याही गोलरक्षकाच्या वाट्याला आलेला नाही. बचावपटूंचीही गत फारशी निराळी नाही: बेकेनबाउर, झामर, कानावारो अशी मोजकीच नावे. या पार्श्वभूमीवर 2024 चा निकाल मला विशेष विचारणीय वाटतो. मँचेस्टर सिटीचा रॉड्री हा मधल्या फळीत बचावाच्या तोंडाशी उभा राहून चेंडूची गती राखणारा खेळाडू. गुडघा जायबंदी झाल्यामुळे तो पॅरिसच्या शातले नाट्यगृहात कुबड्यांवर आला. त्याचे गुण 1170 आणि व्हिनिशियस ज्युनियरचे 1129. आपल्या खेळाडूला डावलले जाणार याची कुणकुण लागताच रेआल माद्रिदने समारंभावरच बहिष्कार घातला, आणि त्याच रात्री सर्वोत्तम क्लब आणि सर्वोत्तम प्रशिक्षक हे दोन्ही मान त्यांच्याच पदरी पडले असूनही ते स्वीकारावयास कोणी हजर नव्हते. रागाची कारणे काही असोत. पण जगभरच्या पत्रकारांनी बहुसंख्येने नव्हे, तरी पुरेशा संख्येने, चेंडू जाळ्यात धाडणाऱ्या पायापेक्षा खेळाची लय सांभाळणाऱ्या पायाला अधिक मोल दिले, ही घटना नजरेच्या इतिहासात लहान नाही.

आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिफाने, आपला निराळा पुरस्कार 1991 पासून सुरू केला. पुढे 2010 ते 2015 या काळात दोन्ही पुरस्कारांचा संसार एकत्र होता, आणि तो मोडल्यावर फिफाने 'द बेस्ट' या नावाने स्वतंत्र चूल मांडली. एकत्र असतानाच 2013 साली मतदानाची मुदत दोन आठवड्यांनी वाढविण्यात आली. कारण असे सांगितले गेले की, पुरेशी मते आली नव्हती. परंतु त्या वाढीव मुदतीत रोनाल्डोने स्वीडनविरुद्ध तीन गोल झळकावले, आणि बायर्नबरोबर त्या वर्षीची सर्व मोठी अजिंक्यपदे जिंकणारा रिबेरी मागे पडला. येथे कोणाचा हेतू वाईट होता असे मानण्याचे कारण नाही. मात्र मुदत हलविणारा हात निकालही हलवितो, हे मुनिमाला कळते तेवढे अधिकाऱ्यांना कळू नये, याचे नवल वाटते.

आता 'द बेस्ट'मध्ये राष्ट्रीय कर्णधार, राष्ट्रीय प्रशिक्षक, पत्रकार आणि चाहते या चार वर्गांचा वाटा समसमान आहे. भारताच्या कर्णधाराचे मत ब्राझीलच्या कर्णधाराच्या मताइतकेच भरते, आणि शाहू स्टेडियमच्या कठड्यावर बसून पेठांचे सामने पाहणारा कोल्हापूरकर चाहताही महाजालावरून मत नोंदवू शकतो. या लोकशाहीचे कौतुक करावे तितके थोडेच, पण 2023 च्या पुरस्काराने तिची परीक्षा पाहिली. हालांडने मँचेस्टर सिटीसाठी गोलांचा पाऊस पाडून तिहेरी मुकुट मिळवून दिला होता. मेस्सीच्या बाजूने बोलू शकणारा विश्वचषकाचा अंतिम सामना मात्र विचारार्थ घेतलेल्या कालखंडाच्या बाहेर होता. प्रशिक्षक आणि पत्रकार यांनी हालांडला, तर कर्णधार आणि चाहते यांनी मेस्सीला अग्रस्थान दिले. दोघांचे गुण 48-48 असे बरोबरीत आले, आणि नियमाप्रमाणे कर्णधारांची पहिल्या पसंतीची मते मोजून निकाल मेस्सीच्या बाजूने लागला. खेळाचे परीक्षण ज्यांचा व्यवसाय आहे ते एकीकडे, आणि जे खेळतात व जे खेळावर प्रेम करतात ते दुसरीकडे, अशी ही फाळणी होती. त्यात कोणी चुकले असे मी म्हणणार नाही, कारण हे चारही वर्ग निरनिराळ्या गोष्टींना श्रेष्ठत्व म्हणत होते.

प्रशिक्षकांच्या पुरस्काराची अडचण याहून नाजूक आहे. खेळाडूचा निदान पाय दिसतो. प्रशिक्षकाचे काम सरावाच्या मैदानावर आणि बंद खोलीत होते, आणि बाहेरच्याला दिसतो तो निव्वळ गुणतक्ता. लेस्टर सिटीला 2016 साली इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवून देणारे क्लाउडिओ रानिएरी 9 जानेवारी 2017 रोजी झुरिचमध्ये फिफाचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. हंगामाच्या आरंभी या संघावर पाच हजारास एक असा भाव चालला होता. सन्मानानंतर दीड महिनाही लोटतो न लोटतो तोच, 23 फेब्रुवारीला, त्याच क्लबने त्यांना बडतर्फ केले. तोच माणूस, तोच फळा, बहुतेक तीच माणसे, फरक गुणतक्त्यात. यशाचा धनी प्रशिक्षकच असे मानून सनद दिली, तर अपयशाचा धनीही तोच ठरतो, आणि दोन्ही वेळा प्रत्यक्ष कामाची चौकशी कोणी केलेली नसते.

इतके दोष असताना हे सारे बंद का करू नये, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, येथील मतपत्रिका गुप्त नसतात. चाहत्यांखेरीज कोणी कोणाला मत दिले हे नावानिशी प्रसिद्ध होते, आणि त्यामुळे न्याय देणाऱ्याचाही न्याय होऊ शकतो. फिफाच्या 2019 च्या यादीत अर्जेंटिनाचा कर्णधार मेस्सी याने रोनाल्डोला दुसरे स्थान दिलेले दिसते. पोर्तुगालचा कर्णधार रोनाल्डो याच्या तीन नावांत मेस्सी नाही. एवढ्या दोन ओळींत दोन स्वभाव उघडे पडतात, आणि ते उघडे पडण्याचे भय हाच मतदारावरील एकमेव अंकुश होय. जो पुरस्कार गुप्त समिती देते, तो केवळ स्वीकारता वा नाकारता येतो. ज्याची मते दप्तरी आहेत, त्याच्याशी वाद घालता येतो. म्हणून दरवर्षी कोण जिंकले याची चर्चा आटोपली म्हणजे मतपत्रिकांची यादी शांतपणे वाचावी: विजेत्याची कीर्ती पुढील हंगामात उणी-अधिक होईल, परंतु त्या वर्षी जगाने खेळ कोणत्या डोळ्यांनी पाहिला, हे त्या यादीखेरीज अन्यत्र कोठे लिहिलेले सापडणार नाही.