मनुष्यांची वाहवा

कल्याणच्या आनंदीबाई जोशी सन 1883 मध्ये, वैद्यक शिकण्याकरिता अमेरिकेस जाण्यापूर्वी, बंगाल्यातील श्रीरामपूरच्या मिशन कॉलेजात बोलल्या. स्वजातीयांची निंदा पाठीशी होतीच. तरी आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदूच परत येऊ, हे त्यांनी मिशनऱ्यांच्याच घरी सांगितले. (त्या प्रभूकडे आल्या नाहीत ह्याचे आम्हांस दुःख आहे, त्यांच्या सरळपणाचे नाही.) सन 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

आम्हांस तर ख्रिस्ताने रक्त देऊन विकत घेतले. आमचे मोल गावकीने का ठरवावे? पण पाळक भेटीस आले म्हणजे आम्ही एक बोलतो, पारावर दुसरेच. उपदेशक बंधूंनो, उपदेशाची कोणी वाहवा केली नाही म्हणून ज्या रात्री झोप येत नाही, त्या रात्री दिवा लावून गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचा. मनुष्यांस संतुष्ट करण्याविषयी पौलाने तेथे प्रश्न केला आहे, तो स्वतःलाच.