फूल कोणाचे?

गौरीच्या आदल्या दिवशी मुलांना घेऊन गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत गेलो होतो. बांधावर तेरडा दाटला होता. "फूल कोणी तोडायचे नाही," असे मी बजावले. समोरच एक आज्जी गौरीसाठी तेरडा उपटत होत्या. एका मुलाने विचारले, "सर, देवाला चालते, मग आम्हांला का नाही?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. तेरडा एका पावसाळ्याचा सोबती. त्याचे पिकलेले बोंड नुसत्या स्पर्शाने फुटते, बिया उडतात. पुढच्या वर्षीचा तेरडा त्या बियांतच असतो. आज्जींनी एक जुडी घेतली, बांध भरलेलाच राहिला. पण आंबोलीच्या डोंगरावरची कारवी साधारण ७ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. तिथे ओरबाडलेल्या फुलांचे मोल निराळे.

म्हणजे प्रश्न देव की माणूस, हा नाहीच. जे आपण लावले नाही ते घेताना मागे किती उरते, हा आहे. मी सरसकट मनाई केली, कारण मनाई सोपी. मोजायला शिकवणे अवघड. परतताना त्या मुलाला एवढेच म्हणालो, "तुझा प्रश्न बरोबर होता. माझा नियम अपुरा होता."